लंडनच्या पबमधला पाइंट : चांगली आणि स्वस्त बिअर कोणाच्या हाती असते?

(१) लंडनला शिकायला गेलेल्या एका पुणेकर मित्राचा मागच्या महिन्यात निरोप आला. "अरे, एकाच भागात दोन पब आहेत. एका ठिकाणी क्राफ्ट बिअरचा पाइंट सात पाउंडांना. दहा मिनिटे चाललो तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ निम्म्या किमतीत, आणि चवीला मला तर तिथलीच बरी वाटली. तू इतिहासवाला ना? मग सांग, हे असे का?" दोन ओळींत उत्तर द्यावे म्हणून बसलो आणि त्याचा हा धागा झाला.

(२) आरंभीच एक खुलासा. हा मद्यपानाचा पुरस्कार नव्हे. मला स्वतःला अर्ध्या पेल्यापुढे जात नाही. परंतु शहरातल्या सामान्य माणसाला चांगली वस्तू रास्त दरात मिळते की नाही आणि ते कोण ठरवते, हा इतिहासाचा अस्सल प्रश्न आहे. लंडनच्या बिअरएवढी त्याची सलग कागदपत्रे फार थोड्या वस्तूंबाबत उपलब्ध आहेत. माझे म्हणणे एवढेच की पाइंटची किंमत पेल्यात ठरत नाही. ती पबच्या मालकीच्या दस्तऐवजात ठरते. (पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप.)

(३) सुरुवात मध्ययुगापासून. साधारण १२६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांच्या किमतींचा कायदा झाला. एल म्हणजे त्या काळची हॉपशिवाय केलेली, माल्टची बिअर. धान्याचा भाव इतका असेल तर एलचा भाव किती असावा, याचे कोष्टकच या कायद्याने घालून दिले. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी गावोगाव 'एल चाखणारे' अधिकारी नेमले जात. शेक्सपिअरचे वडील जॉन हे १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्डला याच पदावर होते. हे अधिकारी चामडी विजार घालून सांडलेल्या एलमध्ये बसत आणि विजार बाकाला चिकटते का ते पाहून प्रत ठरवत, अशी एक कथा इंटरनेटवर फिरते. कथा झकास आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. पुढे पाठवू नका.

(४) त्या काळातली एक बाब मात्र लक्षात ठेवा, कारण सगळा धागा तिच्याभोवती फिरणार आहे. एल करणारी आणि विकणारी व्यक्ती बहुधा एकच असे, आणि ती बहुधा स्त्री असे. घरात एल तयार झाली की दाराबाहेर काठी किंवा झुडपाची जुडी टांगायची, म्हणजे गिऱ्हाइकाला खूण पटे. एल बिघडली तर शिव्या कोणाला घालायच्या, हे सर्वांना ठाऊक होते. पुढच्या शतकांत हॉप आले, हॉपमुळे बिअर टिकू लागली, टिकू लागल्यामुळे ती दूरवर नेता येऊ लागली. धंदा मोठा होत गेला, भांडवल लागू लागले आणि तो हळूहळू बायकांच्या हातून निसटला. करणारा एक आणि विकणारा दुसरा, अशी फाळणी झाली.

(५) अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये 'पोर्टर' लोकप्रिय झाली. काळपट, कडवट, भरपूर हॉप घातलेली ही बिअर. नाव पडले ते ती पिणाऱ्या हमालांवरून, म्हणजे पोर्टरांवरून. १७२२ मध्ये राल्फ हारवुड नावाच्या माणसाने ती एका दिवसात शोधून काढली, ही जुनी पाठ्यपुस्तकी हकीकत आता अभ्यासक मानत नाहीत. प्रचलित तपकिरी बिअर सुधारत सुधारत पोर्टर झाली, असेच पुरावे सांगतात.

(६) पोर्टरचे मर्म तिच्या अर्थशास्त्रात होते. स्वस्त तपकिरी माल्ट, आणि महिनोन्महिने मुरवल्यावर सुधारणारी चव. म्हणजे जितके मोठे पिंप, तितका दर पेल्यामागचा खर्च कमी. छोट्या ब्रुअरला एवढे दिवस माल अडकवून ठेवणे परवडत नसे, मोठ्याला परवडे. इथे स्वस्ताई आणि मक्तेदारी या दोघी एकाच घरात जन्मल्या, आणि म्हणूनच हा इतिहास सरळ खलनायक-नायकाचा होत नाही. मोठ्या ब्रुअरींनी लंडनच्या हमालाला खरोखरच चांगली बिअर स्वस्तात पाजली.

(७) किती स्वस्तात? क्वार्टला, म्हणजे दोन पाइंटांना, तीन पेनी. हा दर इतकी वर्षे स्थिर होता की लोक त्याला जणू निसर्गनियम मानू लागले होते. युद्धखर्चासाठी सरकारने कर वाढवला आणि १७६१ मध्ये दर साडेतीन पेनी झाला. अर्धी पेनी! पण त्याआधीच, १७६० मध्ये, 'लंडन क्रॉनिकल' या वृत्तपत्रात 'ओबाडिया पाउंडेज' अशा टोपणनावाने एक पत्र छापून आले. लिहिणारा स्वतःला ब्रुअरीतला जुना नोकर म्हणवत होता आणि दरवाढ कशी न्याय्य आहे हे सांगताना त्याने लंडनच्या बिअरचा सगळा पूर्वेतिहास मांडला होता. पोर्टरच्या उगमाविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेच या पत्रातून येते. म्हणजे या विषयातले एक आद्य साधन हे मुळात भाववाढीचे वकीलपत्र आहे. साधनचिकित्सेच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

(८) आता आकारमान पाहा. सॅम्युएल व्हिटब्रेडने १७५० मध्ये चिझवेल स्ट्रीटवर ब्रुअरी उभारली. १७८५ मध्ये तिथे बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन बसले आणि १७८७ मध्ये राजा तिसरा जॉर्ज राणीसह ते पाहायला आला. राजाने कारखाना पाहायला जावे हे तेव्हा नवल होते. ब्रुअरी-ब्रुअरींत मोठ्यात मोठे पिंप कोणाचे, अशी चढाओढच लागली होती. नव्या पिंपाच्या पोटात मेजवान्या झडत.

(९) त्या चढाओढीची किंमत १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुसऱ्याच लोकांनी मोजली. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला म्यू कंपनीची हॉर्स शू ब्रुअरी होती. तिथल्या २२ फूट उंच पिंपाचे एक लोखंडी कडे दुपारी निसटले. असे अधूनमधून होत असे, म्हणून कोणी फारशी दखल घेतली नाही. तासाभराने पिंप फुटले. त्याच्या धक्क्याने शेजारची पिंपेही फुटली, ब्रुअरीची मागची भिंत कोसळली आणि पोर्टरची लाट सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत शिरली.

(१०) त्या वस्तीत दाटीवाटीने राहणाऱ्यांत आयरिश कुटुंबे पुष्कळ होती. एका तळघरात दोन वर्षांच्या एका मुलाच्या मृतदेहाभोवती आप्त शोकासाठी जमले होते. त्या मुलाच्या आईसह तिथले पाच जण बुडाले. एकूण आठ माणसे गेली; सर्व स्त्रिया आणि मुले. चौकशीच्या ज्यूरीने हा दैवदुर्विपाक ठरवला. कंपनीवर दोष आला नाही. उलट, वाहून गेलेल्या बिअरवर आधीच भरलेला कर परत मिळावा म्हणून कंपनीने पार्लमेंटकडे अर्ज केला आणि तिला सात हजारांवर पाउंडांची सूट मिळाली.

(११) 'लोक रस्त्यावर वाकून फुकटची बिअर प्यायले, दंगल झाली' हे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत यातले काही नाही. उलट ढिगाऱ्याखालून हाका ऐकू याव्यात म्हणून लोक शांत उभे राहिल्याचे वर्णन आहे. गरिबांवर आपत्ती आली की कालांतराने तिचा विनोद होतो, आणि विनोदात दोष त्या गरिबांकडेच जातो. मला या घटनेत पिंपापेक्षा ही गोष्ट अधिक अस्वस्थ करते.

(१२) चार वर्षांनी, १८१८ मध्ये, लंडनच्या सुमारे १४,००० रहिवाशांच्या सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटपुढे आला. तक्रार दुहेरी होती : बिअर महाग झाली आहे आणि निकृष्टही. कारण म्हणून अर्जदारांनी मूठभर मोठ्या ब्रुअरींच्या संगनमताकडे बोट दाखवले. पार्लमेंटची समिती बसली, साक्षी झाल्या आणि एक व्यवस्था उजेडात आली. आपल्याकडची सावकारी ज्यांनी वाचली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल.

(१३) व्यवस्था अशी. पब चालवायला परवाना हवा. परवाने दंडाधिकाऱ्यांच्या हाती आणि मोजके. त्यामुळे परवाना असलेली जागा महाग. सामान्य माणसाकडे एवढे पैसे नाहीत. मग ब्रुअर त्याला कर्ज देतो किंवा जागाच विकत घेऊन त्याला कूळ म्हणून बसवतो. अट एकच : बिअर माझीच घ्यायची, मी सांगेन त्या दराने. अशा पबला इंग्रजीत 'टाइड हाउस' म्हणतात. आपण बांधील पब म्हणू. ज्याच्यावर असे बंधन नाही तो 'फ्री हाउस'. इथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मोकळा. (मित्राने पहिल्या आठवड्यात ही पाटी वाचून घेतलेला गोड गैरसमज मी इथे सांगणार नाही.)

(१४) निकृष्टपणाच्या तक्रारीला दोनच वर्षांत दुजोरा मिळाला. लंडनमध्ये राहणाऱ्या फ्रेडरिक आक्कुम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये अन्नभेसळीवर ग्रंथ लिहिला. बिअरमधल्या भेसळीवर त्यात मोठे प्रकरण आहे, आणि शिक्षा झालेल्यांची नावेही त्याने बेधडक छापली. बिअर पातळ करायची आणि नशा कमी पडू नये म्हणून तिच्यात काही मिसळायचे, ही युक्ती. मिसळीतला एक जिन्नस म्हणजे हिंदुस्थानातून येणारी काकमारीची विषारी फळे. आपल्याकडे पाण्यात टाकून मासे बधिर करून धरायला हीच वापरत. आपल्या किनाऱ्याचे मासे आणि लंडनचा हमाल, दोघांना एकाच फळाने गुंगी यावी!

(१५) अखेर १८३० मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारने 'बिअर कायदा' केला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिलेला आर्थर वेलस्ली. कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाने दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि आपल्या घरात बिअर करावी, विकावी. दंडाधिकाऱ्याची मनधरणी नको. बिअरवरचा करही उठवला. जिनसारखी कडक दारू मात्र विकता येणार नाही. हेतू दोन होते : मक्तेदारी मोडायची आणि लोकांना जिनकडून बिअरकडे वळवायचे.

(१६) सहा महिन्यांत सुमारे २४,००० नवी बिअरघरे उघडली. विधवांनी, सुतारांनी, निवृत्त सैनिकांनी समोरच्या खोलीत पिंप ठेवले. पुष्कळ ठिकाणी करणारा आणि विकणारा पुन्हा एक झाला. बिअर स्वस्त झाली. त्याबरोबर झिंगलेल्यांच्या तक्रारीही आल्या, आणि त्या सगळ्या खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु त्या तक्रारी करणाऱ्यांची यादी पाहण्यासारखी आहे : जमीनदार, दंडाधिकारी, पाद्री आणि जुने परवानाधारक. मजूर आपल्या नजरेआड एकत्र बसतात, हे त्यांतल्या अनेकांना बिअरपेक्षा अधिक खुपत होते. १८६९ मध्ये ही बिअरघरे पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या ताब्यात गेली.

(१७) परवाने पुन्हा आटले की काय होते, हे एव्हाना तुम्हीच सांगाल. १८८६ मध्ये गिनेसचे भाग बाजारात आले आणि त्यांवर उड्या पडल्या. ते पाहून लंडनच्या ब्रुअरींनीही भागभांडवल उभे केले आणि त्या पैशातून पब घेत सुटल्या. १८९० च्या दशकात लंडनमधल्या पबच्या किमती कशाच्या कशा झाल्या. कोरीव आरसे, महोगनीचे लाकूड, रंगीत फरशा असलेले जे 'व्हिक्टोरियन पब' आज पर्यटक छायाचित्रांत टिपतात, त्यांतले बरेच या सट्ट्याचे अपत्य. दशक संपता संपता फुगा फुटला, कित्येकांची दिवाळी निघाली. बांधिलकी मात्र तशीच राहिली. यातली मौज अशी की ज्या गिनेसने ही लाट उठवली, तिने स्वतः बांधील पबांचा मार्ग धरलाच नाही.

(१८) महायुद्धांचा काळ भरभर ओलांडू. पहिल्या युद्धात बिअर पातळ झाली, कर वाढला आणि दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला. तो १९८८ पर्यंत टिकला. युद्धकाळात काही भागांत दुसऱ्याला पाजण्यावरही बंदी होती : आपला पेला ज्याचा त्याने विकत घ्यायचा. 'आज माझ्याकडून' म्हणणे हा गुन्हा ठरण्याची ही दुर्मीळ वेळ असावी.

(१९) १९६० च्या दशकात ब्रुअरींनी एकमेकींना गिळले आणि सहा उरल्या : बॅस चॅरिंग्टन, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी मॅन, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल. देशभर एकाच चवीचा माल खपवायचा तर 'केग' सोयीची. पाश्चराइझ केलेली, गाळलेली, वायूच्या दाबाने नळातून येणारी ही बिअर बिघडत नाही आणि तिला सांभाळणारा जाणकार लागत नाही. याउलट जुन्या पद्धतीची 'कास्क' बिअर पबच्या तळघरात पिंपातच आंबत, मुरत राहते आणि हातपंपाने वर ओढली जाते. ती जिवंत असते, म्हणून हळवीही असते. पब कंपनीचा, बिअर कंपनीची. गिऱ्हाइकाला निवड नाही. तुमच्या मोहल्ल्यातले सगळे पब वॉटनीचे असतील तर 'रेड बॅरल' प्या, नाहीतर घरी जा.

(२०) मार्च १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण मित्र आयर्लंडमध्ये सहलीला गेले असता तिथल्या एका बारमध्ये बसून त्यांनी या बिअरविरुद्ध एक मोहीम स्थापन केली. निम्मी थट्टाच होती ती. तीच पुढे 'कॅमरा' म्हणून प्रसिद्ध झाली आणि युरोपातल्या अत्यंत यशस्वी ग्राहक चळवळींपैकी एक ठरली. १९७४ मध्ये त्यांच्या 'गुड बिअर गाइड'ची पहिली छापील आवृत्ती निघाली. चांगली बिअर मिळणाऱ्या पबांची ही मार्गदर्शिका. त्यात वॉटनीविषयी इतका जहाल इशारा होता की छापणारे घाबरले आणि तो थोडा मवाळ करावा लागला. आज आपण मोबाइलवर जे शोधतो त्याचे हे पूर्वरूप : कुठल्या गल्लीत, कुठल्या पबमध्ये, कोणती बिअर, हे स्वयंसेवकांनी पायी फिरून नोंदवलेले.

(२१) आता या कथेतला माझ्या मते सर्वांत बोधक आणि सर्वांत दुःखद भाग. १९८९ मध्ये सरकारच्या मक्तेदारी आयोगाने बिअर-पुरवठ्यावरचा अहवाल दिला. देशातली तीन चतुर्थांश बिअर सहा कंपन्या करतात, पबमधले दर फार वेगाने वाढले आहेत, आणि लागर बिअर एलपेक्षा महाग का, याचे उत्तर तिच्या उत्पादनखर्चात सापडत नाही. शिफारस धडाक्याची होती : कोणत्याही ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब नकोत. म्हणजे सुमारे २२,००० पब विकावे लागले असते. ब्रुअरींनी जाहिराती केल्या, खासदारांना गाठले, आणि थॅचर सरकारने माघार घेतली. २,००० च्या वरच्या पबांपैकी निम्मेच मोकळे करा, असा तडजोडीचा आदेश निघाला. सोबत, बांधील पबच्या चालकाला निदान एक 'पाहुणी' कास्क बिअर बाहेरून घेता यावी, अशी सवलत.

(२२) हजारो पब बाजारात आले. ते कोणी घेतले? कूळ असलेल्या चालकांनी घेतले असते तर आपल्या कूळकायद्यासारखी गोष्ट झाली असती. पण घेतले ते पंच, एंटरप्राइज अशा नव्या कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी. एका टप्प्यावर जपानची नोमुरा ही इंग्लंडमधल्या पबांची सर्वांत मोठी मालक होती. आदेश ब्रुअरींना लागू होता. या कंपन्या बिअर करतच नव्हत्या, म्हणून त्यांना मर्यादा नव्हती. त्या ब्रुअरीकडून प्रचंड सवलतीत बिअर घेत, आपल्या कुळाला चढ्या दराने घ्यायला लावत, वर भाडेही घेत. कायद्याने साप मारला खरा, पण वारुळ नव्या सापाला रिकामे करून दिले. २००३ मध्ये तो आदेशही रद्द झाला.

(२३) मित्राच्या सात पाउंडांचा मोठा हिस्सा इथे सापडतो. महागड्या पबचा चालक बहुधा लबाड नसतो. तो बांधलेला असतो. लंडनचे भाडे आणि सरकारी कर आहेतच, पण बाहेर कमी दरात मिळणारे पिंप त्याला घेता येत नाही. आणि निम्म्या किमतीचे रहस्य? टिम मार्टिनने १९७९ मध्ये उत्तर लंडनमधल्या मझवेल हिलला एक पब काढला आणि त्यातून वेदरस्पून ही साखळी उभी राहिली. बंद पडलेली चित्रपटगृहे, जुन्या बँका अशा जागा घ्यायच्या, कोणा ब्रुअरीला बांधून घ्यायचे नाही, घाऊक खरेदीत घासाघीस करायची आणि कास्क एल स्वस्तात विकायची. त्याच्या राजकारणाविषयी लोकांची मते काहीही असोत, गणित मोकळ्या पबचे आहे. अर्थात, मोठ्या खरेदीदाराने दर इतका दाबला की छोट्या ब्रुअरच्या हाती काय उरते, हा प्रश्न राहतोच.

(२४) त्या छोट्या ब्रुअरला श्वास मिळाला तो २००२ मध्ये. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर करणाऱ्यांचा कर निम्मा केला. लंडनला याचे फळ दिसायला थोडा वेळ लागला. चिझवेल स्ट्रीटवरची बिअर १९७६ मध्येच थांबली होती, ब्रिक लेनवरची ट्रूमन १९८९ मध्ये बंद झाली, वॉन्ड्सवर्थची यंग्ज २००६ मध्ये. जगाला पोर्टर देणाऱ्या शहरात बोटांवर मोजण्याइतक्या ब्रुअऱ्या राहिल्या होत्या. २००९ मध्ये बर्मंडसीत 'कर्नल' सुरू झाली, रेल्वेपुलाच्या कमानीखाली. मग शेजारच्या कमानींत आणखी. पब बांधलेले, म्हणून यांनी पबची वाट सोडली आणि शनिवारी ब्रुअरीचे शटर वर करून थेट लोकांना पाजायला सुरुवात केली. दशकभरात लंडनमधल्या ब्रुअऱ्या शंभरावर गेल्या. दाराबाहेर जुडी टांगणाऱ्या बाईची आठवण मला इथे होते.

(२५) यातला एक विरोधाभास नोंदवतो. कॅमराच्या पिढीने केगला शत्रू मानले. क्राफ्टच्या पिढीने त्याच केगमधून उत्तम बिअर दिली. म्हणजे दोष वायूत किंवा नळात नव्हता. चव बिघडवली ती निवड नाकारणाऱ्या मालकीने. आणि मालकी पुन्हा धावत आलीच : २०१५ मध्ये मीनटाइम ही ब्रुअरी सॅबमिलरने घेतली आणि कॅम्डन टाउन एबी इनबेव्हने, पुढे बीव्हरटाउन पूर्णपणे हाइनेकेनची झाली. नळावरचे रंगीत चित्र बंडखोर, दस्तऐवज बहुराष्ट्रीय.

(२६) कायद्याची बाजूही पूर्ण करतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये खासदारांनी सरकारचा पराभव करून पबच्या कुळांच्या बाजूने मत दिले, आणि २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या बांधील चालकांना विशिष्ट प्रसंगी 'बिअरचे बंधन नको, फक्त बाजारभावाने भाडे घ्या' असे म्हणण्याचा हक्क मिळाला. १८१८ च्या त्या अर्जानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

(२७) एक घरचा धागा जोडल्याशिवाय राहवत नाही. लंडनमध्ये कर्नल सुरू झाली त्याच २००९ मध्ये पुण्यात 'डूलॅली' सुरू झाली. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या लघुब्रुअऱ्यांपैकी एक. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक तिथल्या छावणीत महिनोन्महिने कुजत आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट होत. त्यांच्या बोलीत त्याला 'डूलॅली टॅप' म्हणत. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप! इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द वेडसर या अर्थाने रुळला आणि शंभर वर्षांनी बिअरच्या नळावरून घरी परतला.

(२८) तर मित्राला मी कळवलेले उत्तर असे. क्राफ्टची पाटी पाहू नकोस, पबची पाटी पाहा. 'फ्री हाउस' लिहिले असेल तर आत डोकाव. नळावरच्या बिअर सगळ्या एकाच कंपनीच्या आहेत का ते बघ. नवख्या केगपेक्षा हातपंपावरची कास्क एल बहुधा स्वस्त पडते. आधी घोटभर चाखायला माग, चांगला चालक नाही म्हणत नाही. शनिवारी रेल्वेच्या कमानींकडे जा. आणि मेट्रिक शाळेत शिकलास तरी पाइंटमध्येच विचार कर, अर्धा पाइंट मागायला लाजू नकोस.

(२९) काल त्याने एक छायाचित्र पाठवले. पूर्व लंडनमधला कोपऱ्यावरचा पब, भिंतीवर जुन्या चकचकीत फरशांत उठवलेली अक्षरे : ट्रूमन, हॅन्बरी, बक्स्टन. ब्रिक लेनवरची तीच ब्रुअरी. तिचा एक भागीदार थॉमस फॉवेल बक्स्टन गुलामगिरीविरुद्ध पार्लमेंटमध्ये लढला होता. खाली मित्राची ओळ होती : "पाटीवर एक मालक, नळावर दुसरा, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो की भाडे तिसऱ्याला जाते. पाइंट सहा पाउंड ऐंशी. अर्धाच घेतला."